शुगर ग्लायडर: फळांवर भागत नाही

शुगर ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत झेप घेणारे छोटे प्राणी, काही जण ते पाळतात) फळं आवडीनं खातात म्हणून नुसती फळंच देत बसू नका, ही नवख्यांची हमखास चूक. माझ्या पहिल्या जोडीतली मादी एके दिवशी मागचे पाय ओढत चालू लागली, तेव्हा कॅल्शियमचं महत्त्व कळलं. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. मका, द्राक्षं बेताचीच. उकडलेलं अंडं, किडे यांतून प्रथिनं मिळतात, पण किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवा. चॉकलेट, कांदा, लसूण अजिबात नको. जेवण संध्याकाळी द्या, प्राणी निशाचर आहे. रात्री भुंकतातही, झोपेचं तुमचं तुम्ही बघा! एकटा मात्र ठेवू नका. कुढून स्वतःचेच केस उपटतो, शेपूट कुरतडतो. तुमच्या अंगावर वापरलेला मऊ कापडाचा तुकडा त्यांच्या झोपायच्या पिशवीत टाका, वासाने ओळख पटते.