वाचकांचे प्रश्न : हवालदार पुन्हा रंगरूट होतो तेव्हा

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये १७ वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर गावी शेती पाहू लागलो. आता डीएससीसाठी, म्हणजे माजी सैनिकांना पुन्हा घेऊन लष्करी ठिकाणांचा पहारा करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरसाठी, माझी निवड झाली असून केरळमधील कण्णूरच्या केंद्रात हजर व्हायचे आहे. तेथे मी शिपाई असेन. पुन्हा पहाटेची पीटी, पुन्हा ड्रिल, पुन्हा किट लेआउट, आणि समोर उभा असलेला उस्ताद, म्हणजे शिकवणारा, कदाचित माझ्याहून लहान. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असल्यामुळे पारावर रोज थट्टा चालते, की हवालदारसाहेब पुन्हा रंगरूट झाले. कष्टाची मला भीती नाही. परंतु शिकलेलेच पुन्हा शिकण्यात अर्थ काय, आणि याआधी कोणी अनुभवी माणूस असा पहिल्या पायरीवर परत उभा राहिला आहे काय, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.
— एक माजी सैनिक, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यातून पहिल्याचे उत्तर बरेचसे मिळेल. आपण हवालदाराचे शिपाई होत आहात. एक गृहस्थ कर्नलचे रंगरूट झाले होते, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात लढलेले टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते, युद्ध संपताना कर्नलच्या हुद्द्याला पोचले होते आणि पुढे १९२१-२२ मध्ये चर्चिल यांच्या हाताखाली ब्रिटनच्या वसाहत खात्यात सल्लागार होते. ऑगस्ट १९२२ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, हेच लॉरेन्स ‘जॉन ह्यूम रॉस’ असे खोटे नाव घेऊन लंडनमधील रॉयल एअर फोर्सच्या भरती कचेरीत साध्या एअरमनच्या जागेसाठी उभे राहिले. हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांना हे ठाऊक होते, कचेरीतल्या लोकांना नव्हते. त्यामुळे तेथील भरती अधिकाऱ्याने या संशयास्पद उमेदवाराला परत पाठवले, डॉक्टरांनी अंगावरचे व्रण आणि कमी भरलेले वजन पाहून नकार दिला, आणि शेवटी वरून हुकूम आल्यावरच त्यांना घेण्यात आले. हा भरती अधिकारी म्हणजे पुढे मुलांसाठी ‘बिगल्स’च्या साहसकथा लिहिणारे डब्ल्यू. ई. जॉन्स, आणि हा प्रसंग त्यांनीच नंतर सांगितलेला आहे.

लंडनजवळच्या अक्सब्रिज येथील डेपोत त्यांचे रंगरूटपण सुरू झाले. १९१४ मध्ये ते थेट अधिकारी म्हणून सैन्यात दाखल झाले असल्यामुळे बराकीतला हा रगडा त्यांना नवाच होता. १९१९ मध्ये रोमजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांच्या बरगड्या आणि गळ्याजवळचे हाड मोडले होते, त्यामुळे पीटीच्या तासाला विशी-बाविशीतल्या पोरांच्या रांगेत त्यांचा दम सर्वांत आधी जाई. उरलेला वेळ फटीगमध्ये जाई, म्हणजे कचऱ्याच्या गाडीवर, लंगरातल्या भांड्यांपाशी आणि डुकरांच्या खुराड्यात. ज्याच्या सल्ल्याची मंत्री वाट पाहत असत, तो माणूस बादली घेऊन खरकटे वाहत होता, आणि रात्री शेवटच्या बिगुलानंतर दिवे मालवेपर्यंत जो थोडा वेळ मिळे, त्यात खाटेवर पडून दिवसभरात पाहिलेले टिपून ठेवत होता. त्या टिपणांचे पुढे पुस्तक झाले. ते सर्वसाधारण वाचकांसाठी त्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, १९५५ मध्ये निघाले. त्याचे नाव ‘द मिंट’, म्हणजे टांकसाळ. निरनिराळी माणसे आत घालायची आणि एका छापाची नाणी बाहेर काढायची, असा त्यातला अर्थ आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रशिक्षण सेंटरमध्ये पहिल्या महिन्यात न्हाव्यापुढे रांगेत बसलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

डिसेंबर १९२२ च्या अखेरीस एका वर्तमानपत्राने रॉस म्हणजेच लॉरेन्स ही बातमी छापली आणि जानेवारीत त्यांना हवाई दलातून काढण्यात आले. त्यांच्या हातून कामात कसूर झाली नव्हती. अडचण अशी होती की, आपल्यासमोर सावधान उभा असलेला हा एअरमन आपल्याहून मोठ्या हुद्द्यावर होता हे कळल्यावर त्याला हुकूम देताना अधिकारीच अवघडू लागले. माझ्या मते या सबंध हकिकतीत आपल्या कामाचा धडा हाच आहे, आणि त्याकडे मी पुन्हा येईन.

मार्च १९२३ मध्ये ते ‘शॉ’ या नावाने रणगाडा दलात भरती झाले. डॉर्सेटमधील बोव्हिंग्टन येथे पुन्हा तेच ड्रिल आणि पुन्हा तीच बराक. आपला प्रश्न खरा येथे लागू पडतो, कारण या वेळी त्यांना सारे येत होते. गंमत अशी की, जेथे अंग मोडून निघाले त्या अक्सब्रिजपेक्षा सारे येत असलेल्या बोव्हिंग्टनमध्ये ते अधिक दुःखी होते. याचे कारण त्यांनी पत्रांतून दिले आहे. हवाई दलातली पोरे विमानाचे काहीतरी शिकायचे म्हणून आलेली होती. येथली माणसे बाहेर दुसरे काही जमले नाही म्हणून आलेली होती. म्हणजे शिकलेले पुन्हा शिकण्याचा त्रास मुख्य नव्हता, आपल्या बाजूच्या खाटेवरचा माणूस येथे कशासाठी आला आहे याचा होता. त्यांनी जवळच एक पडके घर भाड्याने घेतले, आणि बराकीतले सोबती तेथे चहा प्यायला व ग्रामोफोन ऐकायला येऊ लागले, तेव्हा कुठे दिवस सुसह्य झाले. १९२५ मध्ये खटपट करून ते हवाई दलात परतले. त्यानंतर कराचीत, म्हणजे त्या वेळच्या आपल्या मुंबई इलाख्यातच, इंजिन दुरुस्तीच्या विभागात त्यांनी कारकुनी केली, आणि जानेवारी १९२९ मध्ये, अफगाणिस्तानातील बंडामागे हाच माणूस आहे अशी हाकाटी वर्तमानपत्रांनी केल्यावर, त्यांना घाईने मुंबई बंदरातून बोटीवर चढवून मायदेशी पाठवण्यात आले. तेथेही नडले ते जुने नावच.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. शिकलेलेच पुन्हा शिकण्यात अर्थ काय? मी स्वतः नव्याने रंगरूट झालो नाही, परंतु आमच्या पलटणीत जुनी एसएलआर रायफल जाऊन नवी इन्सास रायफल आली तेव्हा आम्हा सगळ्या जुन्या नेमबाजांना फायरिंगवर पुन्हा पहिल्यापासून बसवले होते, आणि तो आठवडा मी विसरलेलो नाही. एसएलआरची ७.६२ ची गोळी खांद्याला जो धक्का देई, त्याची आम्हाला इतकी सवय होती की ५.५६ च्या हलक्या रायफलीलाही आम्ही खांदा आवळून, दात खाऊन धरत होतो, आणि गोळी सुटण्याच्या आधीच अंग ताठ होत होते. सेंटरमधून नुकती आलेली पोरे, ज्यांना तो धक्का ठाऊकच नव्हता, सैल अंगाने बसून आमच्यापेक्षा लहान ग्रुपिंग काढत होती, म्हणजे त्यांच्या गोळ्या एकमेकींच्या अधिक जवळ लागत होत्या. पुढे एके-४७ बरोबर तीन वर्षे काढून आलेल्या एका नाईकाची फजिती तर वेगळीच होती. एकेचा सेफ्टीचा खटका उजव्या अंगाला, इन्सासचा डाव्या. हुकूम झाला की त्याच्या उजव्या हाताची बोटे रायफलीच्या उजव्या अंगाला खटका चाचपत राहत आणि उस्ताद मागून ओरडत असे. त्याला काही येत नव्हते असे नाही. त्याला दुसरे काहीतरी फार पक्के येत होते. आपले पाठ झालेले हात आधी सोडवावे लागतात, आणि ते नवे शिकण्यापेक्षा जास्त वेळ घेते, असा माझा अनुभव आहे.

डीएससीच्या बाबतीत तर याला आणखी कारण आहे. आपण इन्फन्ट्रीत शत्रूला शोधून त्याच्यावर चाल करायला शिकलात. तेथे आपल्याला दारूगोळ्याच्या डेपोच्या किंवा लष्करी विमानतळाच्या फाटकावर उभे राहून, दिवसाला शेकडो ओळखीच्या माणसांमधून एखादा न ओळखीचा वेगळा काढायचा आहे. पास पाहायचा, गाडी तपासायची, रजिस्टर लिहायचे, आणि रात्री तीनच्या पहाऱ्यात काहीही घडत नसताना जागे राहायचे. हे काम लढाईपेक्षा सोपे आहे असे मला वाटत नाही. चांगले लढवय्ये या पहाऱ्यात कंटाळून ढिले पडलेले मी पाहिले आहेत.

लॉरेन्सची जी अडचण होती ती आपल्याला येणार नाही. त्यांच्या बराकीत एकट्यांनाच भूतकाळ होता. आपल्या बराकीत तो सर्वांना असेल. कोणी तोफखान्यातला, कोणी सिग्नलचा, कोणी शीख, कोणी डोग्रा, कोणी आपल्यासारखाच हवालदार. तेव्हा ‘आमच्या पलटणीत असे करत नसत’ हे वाक्य घरीच ठेवून जावे. ते प्रत्येकाकडे असते आणि उस्तादाने ते प्रत्येक बॅचमध्ये ऐकलेले असते. त्याचे एखादे चुकले असे वाटले तर परेडवर गप्प राहावे, संध्याकाळी एकट्याला गाठून विचारावे. उस्ताद वयाने लहान आहे ही गोष्ट आपल्याला जितकी टोचते, त्याहून त्याला अधिक टोचत असते; हवालदारकीत आपणही एखाद्या वयस्कर जवानाला हुकूम देताना आवाज थोडा जास्तच चढवला असेल, तो आठवून पाहावा. शरीराच्या बाबतीत एकच सांगतो : शेतीची मेहनत आणि धावण्याचा दम यांत फरक आहे. जाण्याआधी निदान सहा आठवडे रोज पहाटे धावावे, सुरुवात दोन किलोमीटरने करावी, आणि नवे बूट तेथे जाऊन पायात घालण्याऐवजी घरीच वापरून मऊ करून घ्यावेत. पस्तिशीनंतर टाचेचा फोड आणि गुडघा, दोन्ही लवकर बरे होत नाहीत.

पारावरच्या थट्टेवर माझ्याकडे उपाय नाही. पहिला पगार झाला की तीच मंडळी डीएससीची भरती कधी निघते ते विचारायला येतील.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षे झाल्यावर तो निमलष्करी दलात गेला तर त्याला प्रशिक्षण पुन्हा करावे लागेल काय? त्याचे बाबा म्हणतात की, सूट आहे.
— एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, सूट आहे हे खरे, पण ती कशातून आहे हे नीट पाहावे. २०२३ मध्ये सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल यांच्या भरती नियमांत माजी अग्निवीरांना वयात सवलत आणि शारीरिक क्षमता चाचणीतून सूट देण्यात आली. ती चाचणी भरतीच्या वेळची, म्हणजे दारातून आत येण्याची आहे. आत गेल्यावरच्या प्रशिक्षणाचा त्यात समावेश नाही. सीमेवरची गस्त, कारखान्याची सुरक्षा, विमानतळावरची तपासणी ही ज्या त्या दलाची कामे सैन्यात शिकवलेली नसतात, त्यामुळे मुलाने पुन्हा बराकीत राहण्याची तयारी ठेवूनच अर्ज भरावा. त्याला वर छापलेले उत्तरही वाचायला द्यावे, विशेषतः बुटांचे.