बारमधला पूल (काठीने पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा खेळ) आणि पूल हॉलमधला पूल यात फरक काय? शिकायला कुठे जावं?

शिकायचंच असेल तर सरळ पूल हॉल गाठा. बारमध्ये मजा येते, पण हात तिथे बसत नाही.

बारमध्ये बहुधा ७ फुटी, नाणं टाकून चालणारं टेबल असतं. चांगल्या हॉलमध्ये ९ फुटी, म्हणजे खेळायची जागा १०० बाय ५० इंच. लहान टेबल सोपं वाटतं, पण तेवढेच बॉल कमी जागेत दाटीवाटीने असतात आणि वाट सारखी अडते.

सगळ्यात मोठा फरक पांढऱ्या बॉलचा. नाण्याच्या टेबलात पॉकेटमध्ये गेलेले रंगीत बॉल आतच राहतात, पांढरा मात्र परत यावा लागतो. तो वेगळा निघावा म्हणून काही ठिकाणी किंचित मोठा किंवा जड असतो, काही ठिकाणी चुंबकाने ओळखला जातो. जड बॉल खालून मारून मागे खेचायला गेलात, तर तो आदळून आधी पुढे सरकतो आणि मागे कमीच येतो. हॉलमध्ये सगळे बॉल एकाच मापाचे, २.२५ इंचांचे. तिथे कमावलेला फटका भरवशाचा.

शिवाय हॉलमध्ये बहुतेक वेळा तासावर पैसे असतात, तोच शॉट हवा तितक्यांदा लावून बघता येतो. बारमध्ये जिंकणारा टेबलावर राहतो. हरलात की पुन्हा नंबर लावा.

तरी बारमध्ये खेळणारच असाल तर ब्रेकआधी, म्हणजे सुरुवातीच्या फटक्याआधी, तिथले नियम विचारून घ्या. विशेषतः पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला, तर समोरच्याला तो कुठेही ठेवता येतो की फक्त ब्रेक जिथून मारतात त्या रेषेमागे. वाद हमखास तिथेच होतात.