पाणी जमिनीत 'पाझरत' नाही

लातूरहून प्रश्न आला आहे: लीक, ड्रिप, ट्रिकल, सीप, ऊझ या इंग्रजी क्रियापदांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का, की सरसकट 'पाझरणे' चालेल?

सरसकट कशाला? लीक म्हणजे गळणे. तिथे भोक, चीर, सैल वायसर असा काहीतरी बिघाड असतो. ड्रिप म्हणजे ठिबकणे, सुटा सुटा थेंब. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ठिबकतो. नळीच्या जोडातून पाणी जातं ते गळणं. ट्रिकल म्हणजे बारीक धारेनं ओघळणे.

घोळ आहे तो 'पाझरणे'चा. "पाणी जमिनीत पाझरतं" हे भाषणांतून आणि फलकांवरून ऐकून-वाचून कान किटले. पाझर आतून बाहेर येतो. दगडाला पाझर फुटतो, माठ पाझरतो, मलिक अंबरच्या नहरीत (छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भुयारी जलवाहिनीत) भूगर्भातलं पाणी पाझरून गोळा होतं. जमिनीत मात्र पाणी मुरतं, जिरतं. झिरपणे दोन्हीकडे चालतं.

मग 'पाझर तलाव' हे नाव चुकीचं का? मुळीच नाही, कारण पाझरतो तो तलाव. त्याच्या तळातून पाणी सुटतं, मुरुमातून आणि बेसाल्टच्या भेगांतून झिरपत जातं आणि खालच्या अंगाला विहिरीच्या कपारीतून पुन्हा पाझरतं. तळाला चिकण गाळ बसला की पाझर बंद होतो आणि पाणी नुसतं उन्हानं उडतं. म्हणून उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो. साठवण तलाव पाझरला तर तो मात्र दोष.

आता व्युत्पत्ती. 'पाझर' म्हणजे 'पाणी + झर' ही फोड निव्वळ ऐकीव आहे. मूळ संस्कृत प्रक्षरति, प्राकृत पज्झरइ, त्यातून आपलं पाझरणे. हत्थचा हात झाला तसाच पज्झचा पाझ: जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला. क्षचा झ कसा, अशी शंका नको. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या प्राकृत व्याकरणकाराचं सूत्रच आहे: 'क्षः खः क्वचित्तु छझौ', म्हणजे क्षचा ख होतो, क्वचित छ किंवा झ. क्षीरची खीर झाली, क्षेत्रचं छेत्त होऊन शेत झालं, क्षीयतेचं झिज्जइ होऊन झिजणे आलं. क्षर् धातूला झर आणि पज्झर हे आदेशही (त्याच्या जागी येणारी रूपं) त्यानंच दिले आहेत.

तरीही संस्कृताभिमानी कोशकार 'निर्झर' झॄ धातूतून काढतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, झॄचा अर्थ आहे वयोहानी, म्हणजे म्हातारं होणं! झऱ्याचा म्हातारपणाशी काय संबंध? 'निर्झर' हा प्राकृतातला झर संस्कृतात परत गेल्याचा पुरावा आहे, आणि तो मान्य न करण्यात नुसता हट्ट आहे. धातुपाठात झॄच्या शेजारीच जॄ आहे. त्याच्यातून जीर्ण, अजीर्ण आणि आपलं जिरणे आलं. 'पाणी जिरवा' म्हणजे ते जमिनीला पचू द्या. किती नेमका शब्द!

आणि त्याच क्षर् पासून 'अक्षर': न क्षरति, जे पाझरून जात नाही ते. तलावाचा पाझर आणि पाटीवरचं अक्षर एकाच धातूची लेकरं आहेत.

सीप आणि ऊझ राहिले. सीपला दिशा पाहून शब्द घ्या: आत जात असेल तर झिरपणे किंवा मुरणे, बाहेर येत असेल तर पाझरणे. ऊझ बहुधा दाट आणि सावकाश असतं. बाभळीच्या सालीतून डिंक येतो तसं. तिथे पाझरणेच बसतं.