रिकामा राहिलेला रकाना

पुणे

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद. तुझा तक्ता मिळाला. ठोकळ्यांच्या चाचणीतले चाळीस मुलांचे आकडे नीट मांडलेस, बरं वाटलं. पण 'निरीक्षणं' हा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा आहे. हे पत्र त्याबद्दलच.

फिलिप कॉर्सीने 1972 साली मॅकगिल विद्यापीठातल्या प्रबंधासाठी ही ठोकळ्यांची चाचणी वापरली, तेव्हा त्याच्यासमोर मेंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. आपण ती मुलांसमोर ठेवतो. पाटीवर नऊ ठोकळे, आकडे फक्त आपल्या बाजूने दिसणारे, सेकंदाला एक ठोकळा बोटाने दाखवायचा, आणि मुलाने जागा लक्षात ठेवून त्याच क्रमाने ते दाखवायचे. दोन ठोकळ्यांच्या क्रमापासून सुरुवात, मग एकेक वाढवत प्रत्येक लांबीला दोन संधी, दोन्ही चुकल्या की थांबायचं. हे तू पाळलंस. पण वाढीचा हिशोब बघ. पाच वर्षांचं मूल साधारण चार ठोकळ्यांपर्यंत जातं, पंधराव्या वर्षी सहाच्या आसपास. दहा वर्षांची वाढ दोन ठोकळ्यांत मावते! इतक्या आखूड पट्टीवर एका ठोकळ्याचा फरक फार मोठा ठरतो. म्हणून मूल जिथवर पोचलं ती नुसती शेवटची लांबी लिहू नकोस. बरोबर आलेल्या फेऱ्यांच्या संख्येने तिला गुणून एकूण गुणही काढ, म्हणजे थोडे बारकावे हाती लागतील.

आणि स्वतःचा हात तपास. मी लहानपणी तबला शिकले होते. पहिल्या प्रकल्पात सहा ठोकळ्यांचा क्रम माझा हात नकळत दादऱ्यासारखा तीन-तीन करून दाखवायचा, मध्ये जरासा थांबून. मुलं तीन-तीनची दोन गाठोडी बांधून लक्षात ठेवत होती, आणि मी मात्र वर्ग हुशार आहे म्हणून खूश. पुढे चित्रण पाहताना ते लक्षात आलं आणि त्या गटाचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागले. मुलांनी मन लावून दिलेला वेळ फुकट गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. तू मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप, मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव, एका कानात इअरफोन घाल आणि आठवडाभर रिकाम्या खोलीत सराव कर.

आता तो रकाना. पाचवीतली एक मुलगी मला आठवते. मी ठोकळे दाखवत असताना तिचे ओठ हलत होते. संपल्यावर विचारलं तर म्हणाली, "मी म्हणत होते ना, खिडकीकडचा, मधला, माझ्याजवळचा..." तिने जागांना नावं दिली होती. म्हणजे तिच्या आकड्यात शब्दांची स्मृतीही मिसळली होती. शेजारच्या मुलाचाही आकडा पाचच होता, पण तो बोट हवेत फिरवून वाट गिरवत होता. तक्त्यात दोघं सारखी दिसतात. ओठ, बोट, नजर, कुठल्या ठोकळ्यापाशी अडलं, हे सगळं तिथल्या तिथे लिहीत जा. घरी येऊन आठवत नाही.

ठोकळे शेवटाकडून उलट्या क्रमाने दाखवायला लावण्याला तू 'कार्यकारी स्मृती'ची, म्हणजे लक्षात ठेवलेलं मनातल्या मनात हाताळण्याची, कसोटी म्हटलं आहेस, तिथे जरा थांब. आकडे उलटे म्हणणं जितकं जड जातं, तितकं ठोकळ्यांचा उलटा क्रम जड जात नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे मोठ्या मुलांसाठी शोधाची चाचणी जोडावी असं माझं ठाम मत आहे. पडद्यावरच्या डब्यांत दडलेली सोंगटी शोधायची, आणि एकदा जिथे सापडली तिथे ती पुन्हा दडवली जात नाही. अशा डब्याकडे मूल किती वेळा परत वळतं, ते मोजायचं. आठ डबे झाले की काही मुलं दर वेळी एकाच कोपऱ्यातून शोध सुरू करतात, काही कुठेही बोट लावतात. किशोरवयात ही पद्धत बांधणंच बदलत जातं, आणि ते साध्या लांबीच्या आकड्यात सापडत नाही.

मुलं या चाचणीला स्कॉलरशिपचीच परीक्षा समजतात. "किती मार्क पडले?" हा प्रश्न येणारच. बसवतानाच सांग, की सगळ्यांनाच शेवटी चुकेपर्यंत खेळायचं आहे. भेदरलेल्या मुलाचा आकडा खाली येतो, आणि पालक तोच आकडा घरी घेऊन जातात. म्हणून एका बैठकीवरून कुणालाही काही कळवू नकोस. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळची वेळ घेऊ नकोस, ढोलांचा सराव थेट खोलीत ऐकू येतो.

रविवारी पाटी घेऊन घरी ये. मी मुलाच्या जागी बसते, तू ठोकळे दाखव. मला तुझा हात बघायचा आहे.

तुझी,
मॅडम