वाचनालयाच्या साईटसाठी आयडिया कुठून घ्यायच्या

ताई, जुन्या वाचनालयाची साईट नव्याने करायचीये, बजेट जेमतेम, थोडा सोलापुरी टच पण हवाय, तर चांगल्या साईट बघायच्या कुठे असं विचारलंय तुम्ही. बिहान्स, ड्रिबल, ऑवर्ड्स, म्हणजे डिझाईनची कामं मांडणाऱ्या गॅलरी-साईट, ही नावं कोणीही सांगेल, बघा जरूर, पण ड्रिबलवरच्या कित्येक साईट नुसत्या चित्रातल्या असतात, कधी बनलेल्याच नसतात. कार्यकारिणीला त्यातलं एखादं दाखवलंत की झालं, अध्यक्ष म्हणणार अस्संच पाहिजे.

माझं ऐकाल तर आधी काउंटरवर बसा. फोन येतात ते काय विचारायला येतात? अभ्यासिकेत जागा आहे का, डिपॉझिट किती, रविवारी उघडं असतं का, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत वेळ बदलते का. हेच तुमचं होमपेज. मनोगत, इतिहास, सत्काराचे फोटो जाऊ देत खाली, कोणी रुसलं तर रुसू दे.

मग बघायला निघा, आणि रंग नाही, रचना बघा. ब्रिटिश सरकारची गव्ह डॉट यूके बघाच, ना स्लायडर ना पळणारी अक्षरं, तरी २०१३ ला लंडनच्या डिझाईन म्युझियमने तिला डिझाईन ऑफ द इयर दिलं, आणि फॉर्म कसा असावा, बटण कसं असावं हे सगळं त्यांनी फुकटात खुलं ठेवलंय. दुसरं, तुमच्याएवढ्याच संस्थांच्या साईट वेबॅक मशीनमध्ये (साईटची जुनी पानं जपून ठेवणारी फुकट साईट) टाकून त्यांची जुनी रूपं बघा. दोन-तीनदा साईट बदलूनही जे पहिल्या पानावर टिकलंय ते बहुतेक लोकांच्या कामाचं असतं, आणि जे दरवेळी उडालं त्यावर तुम्ही पैसे घालू नका. हे कुठल्या गॅलरीत कळत नाही.

टेम्प्लेट आवडलं तर लगेच त्यात आपला मराठी मजकूर घालून बघा. डेमोत 'जॉईन' एवढंच असतं, आपलं 'सभासद नोंदणी' बटणाबाहेर पडतं, ओळी जवळ असल्या की मात्रा वरच्या ओळीतल्या उकाराला भिडतात, म्हणून लाइन हाईट (ओळीची उंची) अक्षराच्या दीडपटीच्या वर ठेवा. फॉन्ट मुक्ता किंवा बालू, दोन्ही 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट. जुन्या नोटिसा श्रीलिपीतल्या (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधल्या) असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, करून घ्या, नाहीतर शोधून सापडायच्या नाहीत.

सोलापुरी टच म्हणून चादरीचा मयूरपंख मागे टाकून त्यावर अक्षरं लिहू नका हो, काही वाचता येत नाही. चादरीतले दोन रंग उचला, वर एक पट्टी द्या, बास. अक्षर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ हवा, तपासायला फुकट चेकर मिळतात. शहराच्या पूर्व भागातले सभासद असतील आणि तेलुगू, कन्नड पुस्तकं ठेवत असाल तर ती यादी त्या त्या लिपीतच द्या.

आणि हे सगळं मोबाईलवर बघा, तेही वायफाय बंद करून. आत्ताच्या होमपेजचा स्क्रीनशॉट टाका इथे, काय ठेवायचं काय काढायचं ते सांगतो.