तैलरंगात खरी वाटेल अशी नाव टप्प्याटप्प्याने कशी रंगवावी?

कॅनव्हासला अस्तर देणे आणि ब्रशांची निवड आपल्याला ठाऊक असणार असे धरून मी थेट नावेवर येतो, कारण नावेची बहुतेक चित्रे रंगामुळे फसत नाहीत, तर चित्रकाराने नाव कधी नीट पाहिलेलीच नसते म्हणून फसतात.

मी ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेकाठच्या गावात चित्रकला शिकवीत असे. आमच्या घाटावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे डोंगे, म्हणजे लहान नावा, असत. तळ सपाट, कडा ठेंगण्या आणि फळ्यांना डांबर फासलेले. उन्हाळ्याकडे पाणी उतरले की वाळूवरून उथळ पाण्यातून वाट काढावी लागते, तेथे खोल बुडाची नाव रुतून बसेल. डोंग्याचा आकार त्या पाण्यानेच ठरवला आहे. असा एक डोंगा रंगवून मी शिक्षकांच्या प्रदर्शनात ठेवला, तेव्हा शहरातून आलेल्या परीक्षकांनी सर्वांसमक्ष विचारले, ‘‘गुरुजी, ही नाव आहे की गुरांची गव्हाण?’’ नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, उंच करा आणि एखादे शीड घाला, असा सल्लाही त्यांनी दिला. तेवढ्यावर ते थांबले असते तर मी विसरलो असतो. परंतु डोंग्याच्या आतील आडव्या फळ्या वर दिसतात आणि प्रतिबिंबात दिसत नाहीत, म्हणून प्रतिबिंब अपुरे आहे, असा शेराही त्यांनी मारला, आणि तो आजही मला मान्य नाही.

काठावर उभे राहून आपण नावेकडे वरून पाहतो, म्हणून तिचा आतला भाग दिसतो. प्रतिबिंबात मात्र ती पाण्याखालून वर पाहिल्यासारखी दिसते. तेथे बाहेरची बाजू आणि पाण्यावर झुकलेल्या टोकाची खालची बाजू येते, आतल्या फळ्या येणे शक्यच नाही. विश्वास नसेल तर लोखंडी घमेल्यात पाणी घेऊन त्यावर काडेपेटीचा खण तरंगवून पाहावा. वरचे चित्र उलटे करून खाली चिकटवणाऱ्यांची नाव हवेत लटकल्यासारखी दिसते ती याचमुळे.

आता रंगांविषयी. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने आधी पेटीसारखा ठोकळा यथार्थदर्शनात, म्हणजे लांबचे लहान दिसते त्या हिशेबाने, बसवावा, मग त्यात कडांचे वळण काढावे. पाण्याची रेषा याच वेळी पक्की करावी, कारण माणसे बसलेली नाव रिकाम्या नावेपेक्षा खोल बसते. त्यानंतर छायेचे मोठे भाग पातळ रंगात भरावेत. डांबरासाठी ट्यूबमधला काळा वापरू नये, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळून येणारा काळा जिवंत असतो. शिवाय डांबराच्या वरच्या कडेवर आकाशाचा निळसरपणा येतो, तो सोडू नये. गडद नावेचे प्रतिबिंब नावेपेक्षा किंचित उजळ आणि उजळ आकाशाचे प्रतिबिंब किंचित गडद ठेवावे. पुराच्या गढूळ पाण्यात त्यात गाळाचा रंगही मिसळतो. प्रतिबिंबाचा रंग ओला असतानाच चपट्या ब्रशने सरळ खाली ओढावा आणि मग कोरड्या ब्रशने आडवा हलका हात फिरवावा. वरच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढवत न्यावे. खाली तेलकट आणि वर पातळ असे झाले तर वरचा थर आधी वाळून पुढे तडकतो.

तेलाविषयी आमच्याकडे एक हट्ट आहे. जवस आपल्याच शेतात पिकतो, मग तेल विकत कशाला, असे म्हणत घाण्यावर काढलेले तेल तसेच वापरणारे मी पाहिले आहेत. ते उशिरा वाळते आणि पिवळे पडते. चित्रांसाठी शुद्ध केलेलेच जवसाचे तेल घ्यावे.

परीक्षकांवर अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो की समुद्रावरची नाव रंगवायची असेल तर उंच नाळ आणि शीड दोन्ही योग्यच आहेत, आणि आपल्या जवळपास नदी नसेल तर स्वतः काढलेल्या छायाचित्रावरून काम करण्यास हरकत नाही. कॅलेंडरवरून मात्र करू नये. व्हार्निश घाईने लावू नये, सहा महिने तरी थांबावे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ते तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात.