ओव्हरसाइज आणि ओव्हरवेट मालाचं परमिट कसं काढायचं? एजंट धरावा का?

तुमचे दोन ट्रेलर आहेत, आजवर साधाच माल वाहिलात, आणि आता पहिल्यांदा मोठं एक्स्कॅव्हेटर (खोदकामाचं मशीन) हलवायचं काम आलंय. रस्त्यावरच्या मापा-वजनाच्या मर्यादेबाहेरचा माल न्यायचं परमिट कसं मिळेल आणि एजंटला पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं हेच काम केलंय. फॉर्म भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अर्ज अडतो तो मापांवर. म्हणून ऑफिसात बसण्याआधी टेप घेऊन यार्डात जा.

माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी मशीनच्या कॅटलॉगमधली उंची घेतली, त्यात ट्रेलरच्या डेकची उंची मिळवली आणि अर्ज ठोकून दिला. परमिट आलंही. लोडिंगच्या दिवशी क्रॉलरच्या पट्ट्यांखाली लाकडी ठोकळे टाकले, केबिनच्या टपावर कुणीतरी नंतर बसवलेला फिरता दिवा निघाला, आणि उंची १४ सेंटीमीटरने वाढली. हातातलं परमिट रद्दी झालं. नवीन येईपर्यंत दोन दिवस क्रेन उभी, ड्रायव्हर उभा, आणि भाडं चालूच. तेव्हापासून माल ट्रेलरवर चढवून, साखळ्या आवळून झाल्या की मगच मी उंची मोजतो. सगळ्यात उंच टोकावर सरळ पट्टी आडवी धरायची, तिच्या टोकाला ओळंबा सोडायचा आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावायची. रुंदी घेताना आरसे, पायऱ्या, बाहेर आलेले पाइप सोडू नका. आधी चढवून बघणं शक्यच नसेल तर निदान ठोकळ्यांसकट हिशेब करा आणि चढवल्यावर पुन्हा मोजा.

दुसरी गोष्ट, माल सुटा होतो का? सहज सुटा होणाऱ्या मालाला असं परमिट सहसा मिळत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात योग्य साधनं वापरूनही सुटं करायला ८ तासांपेक्षा जास्त श्रम लागत असतील, तर तो माल अविभाज्य धरतात. बकेट किंवा काउंटरवेट (मशीनच्या मागचं तोल सांभाळणारं वजन) काढून वेगळ्या गाडीत टाकता येत असेल तर टाका. मग कदाचित वजनाचं परमिट लागणारच नाही.

वजनाच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. एकूण टन किती, एवढंच ते बघतात. पुलाला मात्र तो भार कोणत्या एक्सलवर (चाकांच्या आसावर) आणि किती अंतरात पडतो याच्याशी देणंघेणं असतं. अमेरिकेत इंटरस्टेट महामार्गांवर एकूण मर्यादा ८०,००० पौंड असली तरी एका एक्सलला २०,००० आणि टँडेमला (जवळजवळच्या दोन एक्सलच्या जोडीला) ३४,००० पौंडच चालतात, शिवाय एक्सलमधल्या अंतराचं सूत्र वेगळं. रस्त्याचंही तेच. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमध्ये रस्त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला ढोबळ नियम सांगतो की एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते. म्हणून तेवढंच मशीन आखूड ट्रेलरवर नाकारलं जातं आणि जास्त एक्सलच्या लांब ट्रेलरवर मंजूर होतं. अर्जात प्रत्येक एक्सलचं वजन आणि दोन एक्सलमधलं अंतर अचूक लिहा.

बाकी गाडी-ट्रेलरची नोंदणी, विमा, मालाचं वर्णन, तारखा आणि मार्ग हे ठरलेलं असतं. वाटेत दोन-तीन राज्यं किंवा देश लागत असतील तर बहुधा प्रत्येकाचं परमिट वेगळं काढावं लागतं, आणि सीमेवर दोन्हींचे रस्ते जुळले पाहिजेत. रात्री, सुट्टीच्या दिवशी किंवा गर्दीच्या वेळी चालायला बंदी आहे का, पायलट गाडी (ट्रकसोबत चालून वाट दाखवणारी, इशारा देणारी गाडी) किती रुंदीपासून लागते, हे परमिटच्या अटींत असतं. अटींचं ते पान कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

मार्ग मात्र स्वतः फिरून बघा. २३ मे २०१३ रोजी वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट नदीवरच्या पुलाला एका ट्रकवरचा उंच माल धडकला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. दोन गाड्या पाण्यात गेल्या, त्यांतले तिघंही वाचले. त्या ट्रककडे परमिट होतं, पुढे पायलट गाडीही होती. पण पुलाची वरची चौकट कमानीसारखी, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे उंच आणि कडेला बुटकी. ट्रक उजव्या लेनमध्ये, कडेच्या बाजूला होता. परमिट मिळालं म्हणजे उंची कुणीतरी तपासली असेलच, असं धरून चालू नका. ती जबाबदारी गाडीवाल्याचीच राहते.

आता एजंटचं. पहिल्या खेपेला जरूर धरा, विशेषतः पुलांची तपासणी लागणार असेल तर. कोणत्या खात्याला कोणता कागद लागतो हे त्यांना पाठ असतं. पण मापं त्यांच्यावर सोडू नका, ते तुमच्या यार्डात येत नाहीत. परमिट हातात आलं की गाडी नंबर, तारखा, उंची आणि मार्गाची ओळन् ओळ ड्रायव्हरला बाजूला बसवून वाचा. रस्ता बंद मिळाला तर मनाने वळायचं नाही, सुरक्षित जागी थांबून फोन करायचा, हेही त्याला तेव्हाच सांगा.